डाख

पहिल्या दिवशी सगुण च्यारीने माझ्यापुढे
एक मेलेला रेडिओ ठेवला
आणि म्हणाला, "आदीं पळय. मागीर हात लाय."
अर्धा तास मी पाहत बसलो.
डिचोलीच्या बाजारातली मासळीची ओरड थांबली,
कदंब बस दोनदा येऊन गेली.
मला दिसलं ते एवढंच :
एक हिरवी पाटी, तिच्यावर कुणीतरी वसवलेलं गाव,
आणि त्या गावात माझ्या ओळखीचं कुणी नाही.

सोळा वर्षं मी खनिजाचा ट्रक हाकला.
हे पंजे दहा चाकांच्या मापाचे.
त्यांत चिमटा धरला की
म्हशीने सुईत दोरा ओवावा तसं दिसतं,
असं सगुणच म्हणाला. हसला नाही.
त्याचा बाप सोन्याला डाख द्यायचा,
हा कथलावर भागवतो.
"तार तापव, कथील नव्हे.
तार तापली की कथील आपसूक धावतं."
मी कथीलच तापवत राहिलो. तीन आठवडे.
पाटीभर शेळीच्या लेंड्यांसारखे गोळे,
वर चमक, आत पोकळ,
टिचकी मारली की सुटे.

मग एका जुन्या टीव्हीत बोट लागलं.
प्लग काढून दोन तास झाले होते,
तरी आतल्या डबीने कोपरापर्यंत झटका दिला.
घरी येऊन सांगितलं,
बघ, काही वस्तू बंद पडल्या तरी
आत धरून ठेवतात.
ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
"मग तुमचं काय चाललंय, खाण बंद पडल्यापासून?"

सुरंगा माजिकचा मिक्सर मी एकट्याने जोडला.
फिरला. नारळ वाटून निघाला.
एक स्क्रू उरला.
तो अजून माझ्या खिशात आहे
आणि तिची हाक आली की मी तो चाचपतो.

चवथीच्या आधी इस्माईल भंगारवाल्याने
एक करडी पेटी आणून टाकली.
ओळखली मी. आमच्या खाणीच्या काट्याची.
हिच्याच लाल आकड्यांपुढे
दिवसाला आठ खेपा मी ट्रक उभा केला होता.
आम्ही सगळे हिच्या नावाने शिव्या घालायचो :
मालकाने आत काहीतरी बसवलंय,
टनामागे घमेलंभर खातं.
सगुण जेवायला गेलेला.
मी पेटी उघडली. आधी पाहिलं.
या वेळी खरंच पाहिलं.

आत चोर नव्हता.
बोटभर सुकलेली पाल होती,
तांबड्या धुळीचा थर होता,
आणि वीज शिरते त्या तोंडाशीच
एक कपॅसिटर, पुरीसारखा फुगलेला.
धूळ ब्रशने झाडली.
टेबलावर सुटा स्पीकर पडला होता,
त्याच्या लोहचुंबकाला ती मिशीसारखी चिकटली.
डोंगर होता तो, आमच्या घरामागचा.
मी पुसला नाही लगेच.

कपॅसिटर बदलला. तार तापवली.
कथील धावलं.
आधी सगळे आठ पेटले, मग सगळे विझले,
मग एरर.
बरोबरच आहे. खाली काटाच नाही,
तर ती तरी काय मोजणार?

सगुण आला, ढेकर दिली,
माझा डाख भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिला.
"जमलं," म्हणाला. "पण हे घेणार कोण?"
मी म्हटलं, कुणी नाही.
"मग ठेव बाजूला. दीडशेचं काम आधी."
आणि विजेच्या दिव्यांची एक गुंतलेली माळ
माझ्याकडे सरकवली. माटोळीसाठी, संध्याकाळी हवी.
शंभर दिवे. एक मेला की सगळे मेले.
कुठला, ते माळ सांगत नाही.

सेहेचाळिसाव्यावर पोचलोय.